क्रीडाकीर्ती, मौन आणि उत्तरदायित्व : अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडाव्यवस्थेची चिकित्सा

प्रास्ताविक

अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत खेळ हा शिक्षणाला पूरक असा उपक्रम राहिलेला नाही. अमेरिकी फुटबॉलच्या एका सामन्यासाठी लाखभर प्रेक्षक जमतात. प्रक्षेपणाचे हक्क, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि विद्यापीठाचे नाव या तिन्ही गोष्टी संघाच्या यशाशी बांधलेल्या असतात. कित्येक ठिकाणी मुख्य प्रशिक्षकाचे वेतन विद्यापीठाच्या अध्यक्षापेक्षा अधिक असते. अशा व्यवस्थेत क्रीडाविभागातील एखाद्या व्यक्तीने विद्यार्थ्यांचे अथवा बालकांचे लैंगिक शोषण केल्याची तक्रार येते, तेव्हा संस्थेपुढे दोन कर्तव्ये उभी राहतात. एक पीडिताविषयीचे आणि दुसरे स्वतःच्या प्रतिष्ठेविषयीचे. गेल्या दीड दशकात उघडकीस आलेल्या प्रकरणांत दुसऱ्या कर्तव्याने पहिल्यावर वारंवार मात केल्याचे दिसते.

अपराध्याला शिक्षा झाली की न्याय झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्यांनी अपराध केला नाही, मात्र ज्यांना तो कळला किंवा कळावयास हवा होता, त्यांच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. पेन स्टेट आणि मिशिगन स्टेट या दोन विद्यापीठांतील प्रकरणे केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लपवणूक म्हणजे काही जणांनी मिळून रचलेला कट, ही कल्पना अपुरी आहे. ती बहुधा दैनंदिन प्रशासनाच्या रूपानेच घडते. म्हणूनच तिच्यावर योजलेले शिक्षेचे उपाय मूळ दोषापर्यंत पोहोचत नाहीत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पेन स्टेट : माहितीचा प्रवास

जेरी सँडस्की हा पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा १९६९ ते १९९९ या काळातील साहाय्यक प्रशिक्षक. वंचित मुलांसाठी 'द सेकंड माइल' ही सेवाभावी संस्था त्याने १९७७ मध्ये स्थापन केली होती. पुढे त्याच संस्थेतील मुले त्याच्या शोषणाला बळी पडली. १९९८ मध्ये एका मातेने विद्यापीठाच्या पोलिसांकडे तक्रार केली. चौकशी झाली, परंतु जिल्हा सरकारी वकिलाने खटला भरला नाही. दुसऱ्याच वर्षी सँडस्की सन्मानपूर्वक निवृत्त झाला आणि विद्यापीठाच्या क्रीडासुविधा वापरण्याची मुभा त्याच्याकडे कायम राहिली.

९ फेब्रुवारी २००१ च्या रात्री माइक मॅक्वेरी या पदव्युत्तर साहाय्यकाने सँडस्कीला एका मुलासह संघाच्या स्नानगृहात पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याने मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना ते सांगितले. पॅटर्नोंनी क्रीडासंचालक टिम कर्ली आणि उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांच्या कानावर घातले आणि त्यांच्याकडून गोष्ट अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांच्यापर्यंत गेली. माहिती अशी एकेक पायरी वर चढत गेली. मात्र प्रत्येक पायरीवर तिची धार बोथट होत गेली. लैंगिक स्वरूपाचे काही घडल्याचे आपणांस सांगण्यात आले होते, असे पॅटर्नोंनी २०११ मध्ये ग्रँड ज्यूरीपुढे सांगितले. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निवेदनांत तीच गोष्ट दंगामस्तीच्या पातळीवर उतरली होती.

या टप्प्यावरील पत्रव्यवहार विशेष अभ्यसनीय आहे. बालकल्याण यंत्रणेला कळविण्याचा विचार आधी झाला होता. नंतर सँडस्कीशी बोलावे, त्याने मुलांना आवारात आणू नये असे त्याला सांगावे आणि त्याच्या संस्थेला कल्पना द्यावी, एवढ्यावर भागविण्याचे ठरले. अध्यक्षांनी या मार्गाला संमती देताना तो माणुसकीचा आणि वाजवी असल्याचे म्हटले. सँडस्कीने ऐकले नाही, तर तक्रार न केल्याचा ठपका आपल्यावर येईल, हा धोकाही त्यांनी नोंदवला. माणुसकी हा शब्द येथे कोणासाठी योजला गेला, हे पाहण्यासारखे आहे. ती सँडस्कीविषयीची होती. धोक्याचा विचार झाला तो संस्थेच्या संदर्भात. स्नानगृहातील मुलगा कोण, तो कोठे राहतो, तो सुरक्षित आहे काय, याचा शोध कोणीही घेतला नाही. हे अधिकारी क्रूर होते असे मानण्याचे कारण नाही. ते कार्यालयीन भाषेत विचार करीत होते आणि त्या भाषेत मुलाला स्थान नव्हते.

याच्याही आधी, २००० मध्ये, सफाई कर्मचाऱ्यांपैकी एकाने असाच प्रकार पाहिला होता. नोकरी जाईल या भीतीने ते कर्मचारी गप्प राहिले. फुटबॉल विभागाविरुद्ध बोलणे म्हणजे राष्ट्राध्यक्षाविरुद्ध जाण्यासारखे आहे, अशी त्यांची धारणा होती. वरच्यांचे मौन सोयीचे होते, तर खालच्यांचे भयाचे. उत्तरदायित्वाचा हिशेब मांडताना या दोन मौनांना एकाच मापाने तोलणे अन्यायाचे ठरेल.

नोव्हेंबर २०११ मध्ये सँडस्कीला अटक झाली. ९ नोव्हेंबरला विश्वस्त मंडळाने पॅटर्नोंना पदावरून दूर केले आणि स्पॅनियर यांचेही पद गेले. त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले व त्यांनी एका वृत्तवाहिनीची गाडी उलटवली. त्यांचा संताप पीडितांसाठी नव्हता, प्रशिक्षकासाठी होता. जून २०१२ मध्ये सँडस्की ४८ पैकी ४५ आरोपांत दोषी ठरला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला ३० ते ६० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

फ्री अहवाल : सामर्थ्य आणि मर्यादा

विश्वस्त मंडळाने 'एफ.बी.आय.'चे माजी संचालक लुई फ्री यांच्याकडे चौकशी सोपविली. १२ जुलै २०१२ रोजी प्रसिद्ध झालेला त्यांचा २६७ पानी अहवाल ४३० हून अधिक मुलाखती आणि सुमारे ३५ लाख ई-पत्रे व कागदपत्रे यांवर आधारलेला असल्याचे सांगण्यात आले. स्पॅनियर, शुल्ट्झ, पॅटर्नो आणि कर्ली या चौघांनी सँडस्कीची कृत्ये दडवली, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. १९९८ आणि २००१ मधील ई-पत्रे समोर ठेवून त्याने तोवरची अनेक निवेदने संशयास्पद ठरवली, हे त्याचे निर्विवाद श्रेय होय.

तथापि चिकित्सकाने या अहवालाच्या तीन मर्यादा लक्षात घ्यावयास हव्यात. पहिली मर्यादा पुराव्याची. पॅटर्नो जानेवारी २०१२ मध्येच निवर्तले होते, तर कर्ली, शुल्ट्झ आणि मॅक्वेरी यांच्या मुलाखती झाल्या नाहीत. मुख्य पात्रांपैकी केवळ स्पॅनियर यांच्याशीच चौकशीकर्त्यांचे बोलणे झाले. ई-पत्रांतून कृती समजते, परंतु हेतूविषयी अनुमानच करावे लागते. दुसरी मर्यादा नेमणुकीची. ज्या विश्वस्त मंडळाच्या देखरेखीचा प्रश्न होता, त्यानेच चौकशीकर्ता नेमला. अहवालाने मंडळावरही ताशेरे ओढले, हे खरे. पण मंडळाच्या दोषाचे वर्णन देखरेखीतील ढिलाई असे झाले आणि चौघांच्या दोषाचे वर्णन दडपणूक असे. एकाच रचनेतील वरच्या आणि मधल्या थरांना अशी दोन वेगळी विशेषणे का लागावीत, याचे उत्तर अहवाल पुरेसे देत नाही.

तिसरी मर्यादा संकल्पनेची. अहवाल फुटबॉलविषयीच्या भक्तिभावाच्या संस्कृतीला कारणीभूत धरतो. 'संस्कृती' हा शब्द स्पष्टीकरणासारखा भासतो, पण बऱ्याचदा तो स्पष्टीकरणाची जागाच अडवतो. दोष सर्वांच्या मनोवृत्तीत आहे असे म्हटले की तो कोणाच्याच टेबलावर उरत नाही. सफाई कर्मचाऱ्यासाठी तक्रारीची सुरक्षित वाट का नव्हती, निवृत्त व्यक्तीच्या प्रवेशाविषयीचा निर्णय कोणाचा होता, पोलिसांच्या १९९८ च्या नोंदीची दखल २००१ मध्ये कशी घेतली गेली, हे प्रश्न रचनेचे आहेत. त्यांची उत्तरे नावानिशी देता येतात.

पुढील न्यायालयीन निर्णयांनीही या अडचणीला दुजोरा दिला. मार्च २०१७ मध्ये कर्ली आणि शुल्ट्झ यांनी बालकाच्या हिताला धोका पोहोचविल्याचा सौम्य स्वरूपाचा गुन्हा कबूल केला. स्पॅनियर त्याच स्वरूपाच्या एका आरोपात दोषी ठरले, परंतु कटाच्या आरोपातून ज्यूरीने त्यांना मुक्त केले. २०१९ मध्ये रद्द झालेली त्यांची दोषसिद्धी २०२० मध्ये पुन्हा कायम झाली आणि २०२१ मध्ये त्यांनी दोन महिन्यांच्या तुरुंगवासाला प्रारंभ केला. कट सिद्ध झाला नाही, कर्तव्यच्युती मात्र सिद्ध झाली. या प्रकरणाचे खरे स्वरूप त्यातूनच स्पष्ट होते.

'एन.सी.ए.ए.'ची शिक्षा : मोजमापाचा प्रश्न

विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या 'एन.सी.ए.ए.' या संघटनेने अहवालानंतर अवघ्या अकरा दिवसांत, स्वतंत्र चौकशी न करता, शिक्षा जाहीर केली. सहा कोटी डॉलरचा दंड, चार वर्षे मोसमोत्तर सामन्यांना बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात आणि १९९८ ते २०११ या काळातील ११२ विजय रद्द, असे तिचे स्वरूप होते. विजय रद्द करण्याची कल्पनाच विचार करावयास लावणारी आहे. मुलांवरील अत्याचाराची भरपाई ज्या चलनात करावयाची, ते चलन विजयांचेच असावे, ही गोष्ट त्या व्यवस्थेची मूल्यदृष्टी उघड करते. जे विजय मिळवण्यासाठी व मिरवण्यासाठी मौन पाळले गेले, त्यांनाच शिक्षेचे माप मानले गेले.

शिवाय मोसमोत्तर बंदी व शिष्यवृत्तीकपात यांचा भार पडला तो २००१ मध्ये प्राथमिक शाळेत असलेल्या खेळाडूंवर. ही शिक्षा टिकलीही नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये बंदी उठली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात न्यायालयीन वादातून संघटनेचा अंतर्गत पत्रव्यवहार बाहेर आला आणि अशी शिक्षा देण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, याविषयी तिचे अधिकारीच साशंक होते, असे दिसले. जानेवारी २०१५ मध्ये तडजोड होऊन सर्व विजय परत देण्यात आले.

नंतरचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये मिशिगन स्टेटने आपल्या नियमांचा भंग केल्याचे आढळले नाही, असे संघटनेने कळविले. बेलर विद्यापीठात फुटबॉलपटूंवरील लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींकडे दुर्लक्ष झाल्याचे २०१६ मध्ये उघड झाले आणि मुख्य प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना जावे लागले. या प्रकरणातही, विद्यापीठाचे वर्तन कितीही निंद्य असले तरी ते संघटनेच्या नियमांत बसणारे उल्लंघन नव्हे, असा निर्णय ऑगस्ट २०२१ मध्ये झाला. खेळाडूने नियमबाह्य भेटवस्तू स्वीकारल्यास जी संघटना कारवाई करू शकते, तिला अत्याचाराच्या तक्रारी दडपण्याविषयी नियमच नसावा, ही विसंगती गंभीर आहे. २०१२ ची कठोरता नियमावर आधारलेली नव्हती. ती लोकक्षोभावर आधारलेली होती आणि क्षोभ ओसरताच तीही ओसरली.

मिशिगन स्टेट : तज्ज्ञतेचे कवच

पेन स्टेटमध्ये प्रशिक्षकाच्या कीर्तीने जे काम केले, ते मिशिगन स्टेटमध्ये वैद्यकीय तज्ज्ञतेने केले. लॅरी नासर हा विद्यापीठात अध्यापक व वैद्य होता, तसाच तो अमेरिकेच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचाही वैद्य होता. उपचाराच्या नावाखाली तो मुलींचे शोषण करी. १९९७ मध्येच एका किशोरवयीन खेळाडूने विद्यापीठातील प्रशिक्षिकेला हे सांगितल्याचे पुढे समोर आले.

२०१४ मध्ये एका तक्रारीवरून विद्यापीठाने रीतसर चौकशी केली. ज्या वैद्यकीय तज्ज्ञांची मते घेतली, ते त्याच विद्यापीठाशी संबंधित होते. हा उपचार असून तक्रारदारास त्यातील बारकावा कळला नाही, असा निष्कर्ष निघाला. अहवालाच्या अंतर्गत प्रतीत मात्र या पद्धतीमुळे रुग्णांना अनावश्यक मानसिक आघात होतो आणि विद्यापीठावर दायित्व येऊ शकते, असे म्हटले होते. तक्रारदाराला मिळालेल्या प्रतीत ते नव्हते. एकाच चौकशीचे दोन निष्कर्ष निघाले आणि सत्य संस्थेने स्वतःजवळ ठेवले. पोलिसांचा तपास चालू असतानाही नासर रुग्ण तपासत राहिला. उपचाराच्या वेळी अन्य व्यक्ती उपस्थित असावी, यांसारखी बंधने घालण्यात आली, पण ती पाळली जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी कोणी पार पाडली नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये रेचेल डेनहॉलंडर यांनी 'इंडियानापोलिस स्टार' या वृत्तपत्रातून स्वतःच्या नावानिशी आरोप केला, तेव्हा भिंत कोसळली. जानेवारी २०१८ मध्ये न्यायाधीश रोझमेरी अक्विलिना यांच्या न्यायालयात सात दिवसांत १५६ निवेदने झाली आणि नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. त्याच दिवशी विद्यापीठाच्या अध्यक्षा लू अॅना सायमन यांनी राजीनामा दिला. मे २०१८ मध्ये विद्यापीठाने ५० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले आणि २०१९ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने ४५ लाख डॉलरचा दंड केला.

वरिष्ठांवरील खटल्यांचे फलित मात्र त्रोटक ठरले. नासरचे वरिष्ठ विल्यम स्ट्रँपेल यांना २०१९ मध्ये कर्तव्यातील हेतुपुरस्सर हयगय व पदाचा दुरुपयोग यांबद्दल एक वर्षाचा तुरुंगवास झाला. पोलिसांशी खोटे बोलल्याचा सायमन यांच्यावरील खटला २०२० मध्ये रद्द झाला. याच आरोपावरील माजी प्रशिक्षिकेची दोषसिद्धीही २०२१ मध्ये अपिलात उलटली. सहा हजारांहून अधिक कागदपत्रे वकील-अशील गोपनीयतेच्या नावाखाली रोखून धरण्यात आली होती. ती राज्याच्या महाधिवक्त्यांना देण्याचा ठराव विश्वस्त मंडळाने केला तो डिसेंबर २०२३ मध्ये.

ओहायो स्टेटचे उदाहरण याच मालिकेतील आहे. तेथील वैद्य रिचर्ड स्ट्रॉस याने किमान १७७ विद्यार्थ्यांचे शोषण केल्याचा निष्कर्ष २०१९ च्या चौकशी अहवालाने काढला. १९७९ पासून काही कर्मचाऱ्यांना याची कल्पना होती, असेही त्यात म्हटले आहे. १९९६ मध्ये त्याला विद्यार्थी-आरोग्यसेवेतून आणि क्रीडाविभागातून दूर करण्यात आले, पण अध्यापकपद शाबूत राहिले आणि १९९८ मध्ये तो गुणश्री प्राध्यापक म्हणून निवृत्त झाला. सन्मानाने केलेली रवानगी हाही दडपणुकीचाच एक प्रकार आहे. सँडस्कीच्या निवृत्तीतही त्याची छाया दिसते.

बाहेर कळविणे : आवश्यक, पण पुरेसे नव्हे

तक्रार संस्थेबाहेरील यंत्रणेकडे गेलीच पाहिजे, हा धडा या प्रकरणांतून सहज निघतो. पेनसिल्व्हेनियाने आपले बालसंरक्षण कायदे कडक केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय क्रीडासंस्थांतील प्रौढांवर तक्रारीचे बंधन घातले. परंतु बाहेरची यंत्रणाही चुकते, हे विसरता येत नाही. १९९८ मध्ये सरकारी वकिलाने खटला भरला नाही. नासरविषयीची माहिती जुलै २०१५ मध्ये 'एफ.बी.आय.'कडे पोहोचूनही तो वर्षभराहून अधिक काळ रुग्ण तपासत राहिला. त्या दिरंगाईबद्दल अमेरिकी न्याय खात्याला एप्रिल २०२४ मध्ये सुमारे १३.९ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. म्हणून बाहेर कळविले की संस्थेचे कर्तव्य संपले, असे मानता येत नाही. तपास चालू असताना संबंधित व्यक्तीला मुलांपासून दूर ठेवणे हे संस्थेचे स्वतंत्र कर्तव्य आहे.

दुसरा मुद्दा जागल्यांचा. मॅक्वेरी याने विद्यापीठाविरुद्ध दावा जिंकला आणि २०१६ मध्ये त्याला सुमारे १.२ कोटी डॉलर मिळाले. पण फुटबॉल प्रशिक्षक म्हणून त्याची कारकीर्द संपली होती. बोलणाऱ्याला भरपाई मिळते, स्थान मिळत नाही, हे पाहणारा पुढचा साक्षीदार काय शिकेल, याचा विचार व्हावयास हवा.

भारतीय वाचकालाही हा प्रश्न परका नाही. पेन स्टेट प्रकरण गाजत असलेल्या २०१२ मध्येच भारतात बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 'पॉक्सो' कायदा झाला. त्याच्या १९ व्या कलमाने अपराधाची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले आणि २१ व्या कलमाने माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद केली. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शालेय वसतिगृहाच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळविणे हा गंभीर अपराध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. तेथेही प्रश्न वैद्याच्या मौनाचा होता. अठरा वर्षांवरील महाविद्यालयीन खेळाडूला मात्र या कायद्याचे संरक्षण नाही. तिची तक्रार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार अंतर्गत समितीपुढे जाते आणि त्या समितीत एक बाह्य सदस्य सोडता बाकी सर्व त्याच संस्थेचे असतात. मिशिगन स्टेटमधील २०१४ च्या चौकशीचा धडा येथे लागू पडतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, 'लपवण्याचा हेतू होता काय?' हा प्रश्न फौजदारी न्यायालयाला आवश्यक असला तरी संस्थेच्या उत्तरदायित्वासाठी तो अपुरा आहे. हेतू सिद्ध झाला नाही की संस्था निर्दोष ठरते आणि सिद्ध झाला तर सारा दोष तीन-चार व्यक्तींवर ढकलून ती मोकळी होते. त्याऐवजी चार साधे प्रश्न विचारावयास हवेत. माहिती मिळाल्यावर पीडिताचा शोध कोणी घेतला? संबंधित व्यक्तीला त्या दिवसापासून कोणी व कसे दूर ठेवले? चौकशी करणारा ज्याची चौकशी करावयाची त्याच्यापासून स्वतंत्र होता काय? बोलणाऱ्याचे पुढे काय झाले? या प्रश्नांची उत्तरे मनोवृत्तीत शोधावी लागत नाहीत. ती नोंदवहीत सापडतात किंवा सापडत नाहीत, आणि न सापडणे हाही पुरावाच असतो.

विजय पुन्हा मिळाले, दंड भरला गेला, पुतळा हलविण्यात आला, अध्यक्ष बदलले. २००१ च्या त्या रात्री स्नानगृहात असलेला मुलगा कोण, हे मात्र त्या आठवड्यात एकाही अधिकाऱ्याने विचारले नाही. क्रीडाकीर्तीचे कितीही मोठे भांडार या एका न विचारलेल्या प्रश्नाची भरपाई करू शकत नाही. उत्तरदायित्वाची कोणतीही व्यवस्था याच प्रश्नापासून सुरू व्हावयास हवी.